राखणदार बंद होता तो दिवस

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या टाइपरायटरवर छापून घेतला. फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आता वाचूनच टाक.

वाकून नमस्कार करतो. तू तो घे किंवा घेऊ नकोस, माझा करून झाला.

आमचं रेडिओ केंद्र पुढच्या महिन्यात एक अख्खा दिवस शास्त्रीय संगीताला देणार आहे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मध्ये जाहिराती नाहीत, बाजारभाव नाहीत, कुणा पुढाऱ्याचं भाषण नाही. कलाकार स्टुडिओत बसून गातील-वाजवतील ते जसंच्या तसं हवेत जाणार, आणि ज्या प्रहराचा राग त्याच प्रहरी. ही कल्पना केंद्राच्या साहेबांच्या डोक्यातून निघाली याचं आम्हा सगळ्यांना अजून नवल वाटतं. साहेबांना गाण्यातलं एवढंच कळतं की गाणं चालू असताना बोलू नये, आणि तेवढंही त्यांना जमत नाही.

शेवटची बैठक मावळतीची, म्हणजे मारव्याची. तो कोणी गायचा यावर बराच काथ्याकूट झाला. मी पडलो इंजिनियर, असल्या चर्चेत मला चहापुरतं बोलावतात. पण मी बोललो. म्हटलं, मारवा गावा तर आमच्या ताईनेच.

आमचा निवेदक आहे, त्याला आम्ही पोपट म्हणतो. माणूस गोड आहे. तो म्हणाला, "अहो, पण त्या रेडिओवर गात नाहीत ना?"

"गात नव्हत्या. आता गातील."

"कशावरून?"

"मी सांगतोय यावरून."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एवढी खात्री असेल तर बघा बुवा." तर बघ, तुझ्या जिवावर मी असा चारचौघांत उभा राहिलोय.

आता मधला विषय. तो चुकवून पत्र पुरं व्हायचं नाही. त्या वर्षी तू आमच्या केंद्रावरच मारवा गात होतीस. षड्जाच्या दारापर्यंत जाऊन थांबलीस, तुझ्या पद्धतीने, ऐकणाऱ्याचा श्वास अडकेपर्यंत. तुला तंबोरा मंद लागतो, त्या दिवशी तर तो नुसता धुरासारखा होता. टेकडीवर आमची प्रक्षेपणाची खोली आहे, तिथे एक यंत्र बसवलेलं आहे. स्टुडिओकडून आवाज येईनासा झाला की त्याला वाटतं काहीतरी तुटलं, आणि ते आपणहून दुसरी टेप चालू करतं, लोकांना रेडिओ मेला असं वाटू नये म्हणून. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. राखणदाराला तुझा तंबोरा ऐकू आला नाही. तुझ्या त्या थांबण्यात त्याने साबणाची जाहिरात लावली. आत स्टुडिओत तू षड्ज लावत होतीस आणि बाहेर घरोघर एक बाई 'अंगभर फेस' म्हणून किंचाळत होती.

मी त्या दिवशी कामावर नव्हतो. आईशेजारी बसून ऐकत होतो. आई म्हणाली, "हे कोण मेलं मध्येच आंघोळीला आलं?" मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण मला तुझा स्वभाव माहीत.

तू म्हणालीस, असल्या लोकांची नोकरी सोड. मी सोडली नाही, आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस. आई गेली तेव्हा एका खोलीत बसून आपण दोघं भिंतींशी बोललो.

मी माफी मागायला लिहीत नाही. यंत्र चुकलं म्हणून माणसाने निघून जायचं, तर यंत्राजवळ राहायचं कोणी? मला माझं तेव्हा बरोबर वाटलं, आजही वाटतं. पण बरोबर असलेला माणूसही उपाशी राहू शकतो. त्यानंतर तुझा मारवा मी ऐकलेला नाही. तू मैफलीत गातेस आणि मी दाराबाहेरूनच परत फिरतो, कारण मी आत आलो तर तू उठून जाशील आणि तीनशे लोकांचा तळतळाट मला लागेल.

ये. माझ्यासाठी नको, मारव्यासाठी ये.

तुझा धाकटा


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी आलेल्या पत्रात एकच ओळ: "यंत्राला कान आले का?" मी ती ओळ चार वेळा वाचली. आमच्या हिने पाचव्यांदा मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "ताईंनी विचारलंय म्हणजे त्यांचं यायचं ठरलंय. नसतं यायचं तर माणूस विचारेल कशाला?"

नाही ताई, यंत्राला कान आलेले नाहीत आणि यायचेही नाहीत. म्हणून राखणदार त्या दिवशी पूर्ण बंद राहणार. हे मी साहेबांच्या खोलीत उभं राहून ठरवून आलोय.

साहेब म्हणाले, "अहो, शांतता म्हणजे बिघाड. आपल्याकडे हे पहिल्यापासून आहे."

"बातम्यांत आहे, साहेब. गाण्यात शांतता हा मालच असतो."

"आणि खरोखर लाईन तुटली तर? लोकांनी काय ऐकायचं, तुमचं डोंबल?"

"राखणदाराच्या जागी मी बसतो. उजाडल्यापासून शेवटपर्यंत. काट्यावर डोळा आणि टेपच्या बटणावर हात. थांबणं कोणतं आणि तुटणं कोणतं, एवढं मला कळतं."

"आणि डुलकी लागली तर?"

"मारव्यात डुलकी लागणाऱ्याला तुम्ही खुशाल घरी पाठवा."

"पाठवीनच," साहेब म्हणाले. "गंमत समजू नका."

मी गंमत समजत नाही. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "ताईंना तुम्ही नोकरी सोडली नाहीत याचाच राग आहे ना? मग आता काळजी मिटली. यंदा सुटतेच आहे."

काटा म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं. खोलीत एका तबकडीवर सुई असते, आवाज आला की ती हलते. नुसता तंबोरा असला तरी ती जिवंत असते, झोपलेल्या मुलाच्या पोटासारखी बारीक हलत राहते. राखणदाराला एवढी बारीक हालचाल दिसत नाही, माणसाला दिसते. सगळी गोष्ट एवढीच आहे.

आणखी एक. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, ते आता लिहितो. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच दिवशी कार्यक्रमपत्रिका छापायला गेली होती. तिच्यात मावळतीला तुझं नाव आहे. मी उतावळेपणा केला असं तू म्हणशील. मी म्हणेन की मी तुला ओळखतो.

स्टुडिओत मी नसेन. मी टेकडीवर असेन, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तोंड बघावं लागणार नाही.

तुझा धाकटा


७ मार्च, टेकडीवरून
उजाडताना

ताई,

हे पत्र आज दिवसभर तुकड्यातुकड्याने लिहीन. सुईवर डोळा ठेवून एका हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझा तबलजी परवा येऊन निरोप सांगून गेला. "बाई येणार आहेत. पण तुमच्याशी बोलणार नाहीत असं सांगायला सांगितलंय."

म्हटलं, "सांगायला सांगितलं म्हणजे बोलल्यासारखंच आहे की."

तो हसला. "राव, तुम्ही दोघं भावंडं एकाच मातीची. मध्ये माझं भरीत होतं."

खोली लहान आहे. प्रक्षेपकाची मोठी कपाटं, त्यांची अखंड घरघर, तापलेल्या धुळीचा वास, एक खिडकी, एक टेबल, एक फोन. फोन स्टुडिओतूनही लागतो, बाहेरूनही. आवाज ज्या केबलमधून वर येतो त्याच केबलमधून तोही येतो. सकाळी अंधारात चढून आलो. प्रक्षेपक चालू करण्याआधी नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं आणि हात जोडले. इथला दुसरा इंजिनियर मला हसतो, म्हणतो, देवाला काय मीटर कळतं? मी त्याला सांगितलं, देवासाठी नाही जोडत, हात थरथरू नयेत म्हणून जोडतो. दोन्ही खरं आहे.

राखणदाराची कळ मी स्वतः खाली ओढली. त्याचा हिरवा दिवा विझला तेव्हा क्षणभर वाटलं, म्हातारा मेला.

आता बासरी चालू आहे. बाहेर उजेड अजून पुरता आलेला नाही. बासरीवाला कोवळा मुलगाच आहे म्हणे, पण त्याने भैरव असा लावलाय की जणू उजेडाला हाताला धरून तोच आणतोय.

दुपार

सकाळी तोडी गायला बसलेल्या बुवांना मध्येच ठसका लागला. थेट प्रक्षेपण! मी दचकून बटणावर हात नेला. पण बुवा मुरलेले. खोकले, पाणी प्यायले, आणि ज्या स्वरावर खोकले होते त्याच स्वरावरून पुढे गेले. खोकलाही तोडीतलाच वाटला.

पुढे सारंगात सतारीची तार तुटली. वादकाने शांतपणे नवी तार चढवायला घेतली आणि तेवढा वेळ पोपटाने भरून काढायचा होता. पोपट घाबरला की हवामानावर येतो. पाऊस पडण्याची शक्यता नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मागून सतारवाल्याचा आवाज आला, "झालं हो, आता थांबा." ते पण हवेत गेलं.

आमचा मुकादम स्टुडिओत आवाज सांभाळतोय. नाव मुकादम नाही, सगळ्यांवर मुकादमी करतो म्हणून. त्याने फोन केला, "वर ठीक?" म्हटलं, ठीक. "तुझी ताई आली रे. दारातच विचारलं, टेकडीवर कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ऐकलं, पायातलं काढलं आणि आत गेल्या."

डबा उघडला होता, तो तसाच झाकून ठेवला.

मावळतीला

खिडकीतून ऊन आता तांबूस झालं आहे. टेकडीखाली गावातले दिवे अजून लागायचे आहेत. पोपट तुझं नाव घेतोय. गहिवरल्यासारखा बोलतोय, पण त्याचं काय, तो बाजारभावही तसेच वाचतो.

तंबोरा सुरू झाला. सुई हलते आहे. तीच धुरासारखी बारीक हालचाल.

पेन खाली ठेवतो.


८ मार्च

ताई,

कालचं पत्र टाकायच्या आधी हे त्याला जोडतो आहे, म्हणजे तू दोन्ही एकत्र वाचशील. आधी वरचं वाच, मग हे.

काल तू गायलीस ते कसं झालं हे सांगायचा अधिकार मला नाही. एवढंच सांगतो की पहिल्या निषादालाच एवढी वर्षं कुठे गेली ते कळेना. तू षड्जाला लांब ठेवलंस. घराजवळून जायचं आणि घरात शिरायचं नाही, पुन्हा वळसा घालायचा, पुन्हा दारापर्यंत यायचं. मारवा म्हणजे हेच, असं तूच मला लहानपणी विहिरीच्या काठावर सांगितलं होतंस. मी सुईकडे बघत ऐकत होतो. मग कधीतरी माझे डोळे मिटले. झोप नव्हती ताई. देवापुढे मिटतात तसे मिटले.

तू दारापर्यंत आलीस आणि थांबलीस.

मी थांबलो. मनात म्हटलं, ही आहे माझी ताई. आता ती थांबेल. तंबोरा चालू होता, मला स्पष्ट ऐकू येत होता. वेळ गेला. आजवर कधी थांबली नसशील एवढी थांबलीस. मी म्हटलं, वयाने हिला धीर दिला. कुणी घाईचा मनुष्य इथे असता तर त्याने आत्ता बटण दाबलं असतं. मी दाबणार नाही. मला अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो. मग एकदम तुझा आवाज आला तो वरच्या सप्तकातून, षड्ज लावून पलीकडे गेलेला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

बैठक संपली. दिवस संपला. मी प्रक्षेपकाला हात जोडले आणि फोन वाजला. मुकादम होता.

"अरे, ऐकलंस ना? तो षड्ज! त्यावरून खाली येताना धैवतावर केलं ते! आणि मग ती सगळी चढण, जन्मात ऐकली नाही रे अशी."

"कुठली चढण?"

"थांबल्यानंतरची."

"थांबल्यानंतर ती वरच्या सप्तकातच निघाली."

मुकादम हळूच म्हणाला, "नाही रे. त्या थांबल्या दोन श्वास. त्यानंतर केवढं तरी गायल्या. तुझ्याकडे आलं नाही?"

ताई, लाईन तुटली होती. टेकडीच्या पायथ्याशी केबलच्या जोडाची पेटी आहे, तिच्यात एक जोड सैल झाला होता. वाऱ्याने सुटला आणि वाऱ्यानेच बसला. रात्री बॅटरी घेऊन मी स्वतः पाहून आलो. तू दोन श्वास थांबलीस, त्याच क्षणी तार सुटली. तुझा षड्ज, ती चढण, चहाचा अख्खा कप पिऊन होईल एवढं तुझं गाणं टेकडीपर्यंत आलंच नाही. सुई सपाट पडली होती. मी डोळे मिटून बसलो होतो, आणि मला तंबोरा ऐकू येत होता.

इतका वेळ कानात भरलेला तंबोरा, त्याला आतून बंद कोण करणार? त्या वर्षी राखणदाराला तुझं थांबणं तुटल्यासारखं वाटलं. काल मला तुटलेलं तुझं थांबणं वाटलं. त्याला कान नव्हते म्हणून तो चुकला. मी कानांमुळेच चुकलो.

एका माणसाला मात्र कळलं होतं. साहेबांना. ते मोटारीत होते. रेडिओ बंद पडला म्हणून त्यांनी आधी रेडिओवर बुक्की मारली, मग एका दुकानात शिरून टेकडीला फोन लावला. फोन त्याच केबलवर, तोही मेलेला. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं मी तुला लिहिलं, तेवढेच बरोबर निघाले. स्टुडिओला लावायला गेले तर दुकानदाराने फोन काढून घेत त्यांनाच दटावलं म्हणे, "ओ, जरा शांत बसा की. बाई थांबल्यात."

आणि खरी गोष्ट पुढे आहे. एकही तक्रार आली नाही. स्टुडिओचे बाकीचे फोन चालू होते, एरवी बातम्यांत निवेदक अडखळला तरी ते खणखणतात. काल एकही वाजला नाही. गावातल्या घराघरांत लोक तशा मेलेल्या रेडिओसमोर बसून राहिले, कुणी उठून चावी फिरवली नाही. सकाळपासून फोन चालू झालेत ते वाहवाचे. एक बाई म्हणाली, मी त्या शांततेत कढई खाली उतरवून ठेवली, आवाज नको म्हणून. सगळे तुझ्या त्या थांबण्याला दंडवत घालताहेत, आणि ते थांबणं तुझं नाही.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता घरी जायचं. पण ते खुशीत होते. म्हणाले, "हे आपल्या तिघांतच राहू द्या, तुम्ही, मी आणि मुकादम. केंद्राचं नाव होतंय, बाईंचं नाव होतंय. उगाच कशाला उकरायचं?"

मी म्हटलं, "साहेब, बाईंना मी आजच कळवतोय."

"अहो, त्या पुन्हा तोंड बघणार नाहीत तुमचं."

"आत्ता तरी कुठे बघतात?"

तर हे कळवलं. तुला न सांगता मी ही वाहवा तुझ्या पदरात पडू दिली असती, तर तू कदाचित मला घरी बोलावलंही असतंस. काल तबलजी म्हणाला, निघताना तू खूश होतीस. पण खोट्यावर उघडलेल्या दारातून मला आत यायचं नाही.

आणखी एक ठरवलंय. हे लोकांनाही सांगायचं, रेडिओवरूनच. साहेब नको म्हणतात, पण त्यांना मी बघून घेईन. तुझी परवानगी मात्र हवी, कारण वाहवा तुझी जाणार आहे. स्टुडिओत सगळ्या बैठकींची टेप भरली आहे, तुझी पूर्ण बैठक तिच्यात शाबूत आहे. मुकादम मला रोज म्हणेल, ये, ऐक. तू सांगेपर्यंत मी ती ऐकणार नाही.

उत्तर येईलच. तुझा राग मला माहीत आहे, आणि तुझा सरळपणाही. सरळपणा थोरला आहे.

तुझा धाकटा


२३ मार्च

ताई,

तुझं एका शब्दाचं कार्ड आलं: "सांग."

सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज हवेत पाठवले, परवा पहिल्यांदा माझा गेला. साहेब अडून बसले होते. मी त्यांच्यापुढे तुझं कार्ड ठेवलं. ते म्हणाले, "एवढंच? पुढे काही नाही?" म्हटलं, "आमच्या ताईच्या मानाने हे लांबलचक आहे." शेवटी कपाळाला हात लावून हो म्हणाले. पोपट म्हणत होता, मी वाचतो, तुमचा आवाज जाड आहे. मी म्हटलं, चूक माझी, आवाज माझा. खुर्चीत बसलो, देवाचं नाव घेतलं आणि बोललो:

"त्या संध्याकाळी मारव्यात जी मोठी शांतता आपण ऐकलीत ती बाईंची नव्हती. तार सुटली होती. बाई गात होत्या, ते तुमच्यापर्यंत आलं नाही. मी टेकडीवर होतो आणि मला ते कळलं नाही, कारण तुमच्यासारखाच मीही त्यांची वाट बघत होतो."

एवढंच. बाहेर आलो तर मुकादम डोळे पुसत होता आणि फोन सगळे एकदम वाजत होते.

लोक भडकले होते. पण बिघाडावर नाही, माझ्यावर! एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता. मी तंबोरा स्वतः ऐकलाय त्या शांततेत."

"गुरुजी, लाईन बंद होती."

"लाईन तुमची बंद असेल. माझ्याकडे तंबोरा चालू होता. चाळीस वर्षं गाणं ऐकतोय, मला शिकवू नका!"

फोन आपटला. दुसऱ्या एकाने तर तो तंबोरा कुठल्या पट्टीत होता तेही सांगितलं, आणि गंमत म्हणजे पट्टी बरोबर होती.

नोकरी गेली नाही. हिचा अंदाज पहिल्यांदाच चुकला. काट्यावरचा डोळा मिटला म्हणून तीन महिने मला टेकडी बंद, खाली जुन्या यंत्रांच्या खोलीत बसायचं. शिक्षा रास्त आहे. त्या खोलीत निवांतपणा आहे, नामस्मरण चांगलं होतं. राखणदार पुन्हा चालू केलाय. पण साहेबांनी आपणहून एक गोष्ट केली. गाण्याच्या वेळी तो बंद राहील आणि वर एकाच्या जागी दोन माणसं बसतील. एक गाणं कळणारा आणि एक न कळणारा. न कळणाऱ्याने फक्त सुई बघायची. त्या जागेसाठी साहेबांनी स्वतःचं नाव सुचवलं. आम्ही सगळे हसलो, ते हसले नाहीत.

हे सगळं आज पहाटे उठून लिहिलं होतं. पाकीट बंद करणार तेवढ्यात सकाळच्या टपालाने तुझं दुसरं कार्ड आलं, म्हणून पत्र पुन्हा उघडलं.

हिने ते आधी वाचलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. नेहमी काहीतरी बोलते. तू लिहिलंयस: "टेप ऐकू नकोस. जे आलं नाही ते इथे येऊन ऐक. रविवारी सकाळीच ये. मारवा मावळतीशिवाय गाणार नाही. तोवर बोलू."

ताई, पहिल्या गाडीने निघतो.

धाकटा